एक कोंबडी, दहा पाने

कोंबडी एक आणि जेवणारी तोंडे दहा, हे गणित खेड्यातल्या प्रत्येक कारभारणीला सोडवावे लागते. रस्सा वाढवावा तर तो पाणचट होतो. तुकडे मोजून वाढावेत तर वाढणाऱ्या हातालाच संकोच वाटतो. बहुतेक घरांत पाहुणे, पुरुषमंडळी आणि मुले यांची पाने व्यवस्थित होतात. चुलीपुढच्या बाईच्या वाट्याला मानेचा तुकडा आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा येतो.

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या काठी राहणाऱ्या शेतकरणीपुढेही हेच गणित असते. तिने ते एका पालेभाजीच्या मदतीने सोडवले आहे. त्या भाजीचे नाव मुलुखिया. ती श्रीमंताच्या घरी होते आणि गरिबाच्याही. सणाला होते आणि आठवड्याच्या साध्या जेवणातही. परदेशी गेलेल्या इजिप्शियन माणसाला घरची आठवण आली, की ज्या दोन-तीन पदार्थांसाठी त्याचा जीव तुटतो, त्यांत मुलुखिया हमखास असते. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींनी तिथल्या इजिप्शियन खानावळींत हे हिरवेगार कालवण पाहिलेही असेल.

दिसायला ती आपल्या पालकाच्या पातळ भाजीसारखी असते. पण तिच्यात डाळ नाही, बेसन नाही, दाण्याचे कूट नाही. कोंबडी शिजवलेल्या अळणी पाण्यात अगदी बारीक चिरलेला पाला घालायचा आणि वरून लसूण-धण्यांची तुपातली फोडणी द्यायची, एवढाच तिचा संसार. कोंबडीचे तुकडे वेगळे परतून शेजारी वाढतात. कोंबडीची चव मात्र पाल्यात उतरलेली असते, त्यामुळे शेवटच्या पानावरच्या भातालाही पहिल्या पानाइतकीच चव लागते.

पाला ओळखीचा, उपयोग निराळा

ही भाजी ज्या झाडाची, ते आपल्याला अगदीच परके नाही. ज्याच्या सालीच्या धाग्यापासून धान्याची पोती विणतात, तेच हे झाड. शास्त्रीय नाव कॉर्कोरस ऑलिटोरिअस. बंगाल, बिहार आणि आसामात ते धाग्यासाठी लावतात आणि बंगाली माणूस त्याला पाट म्हणतो. बंगालात आणि ओडिशात त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. आपल्या महाराष्ट्रात याच जातकुळीतली लहान झाडे पावसाळ्यात बांधावर आणि पडीत उगवतात. त्यांना छुंछ किंवा चुंच म्हणतात. भेंडी, अंबाडी आणि कापूस ज्या मोठ्या कुळात मोडतात, त्याच कुळात वनस्पतिशास्त्रज्ञ आज या झाडाला धरतात. मुलुखियाची भाजी भेंडीसारखी बुळबुळीत का होते, याचे उत्तर या नात्यात आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतात, ज्याला बोरू असेही म्हणतात, तो हा नव्हे. पोत्यांच्या धाग्यालाही आपण तागच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. बोरूचा ताग शेंगवर्गातला. त्याची पिवळी फुले वाटाण्याच्या किंवा तुरीच्या फुलासारखी असतात आणि शेंग फुगीर असते. पोत्याच्या तागाचे फूल पिवळेच, पण लहान आणि पाच साध्या पाकळ्यांचे. पानांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि देठाजवळ पानाला शेपटीसारखे दोन बारीक केस असतात. ही खूण पटल्याशिवाय कोणताही पाला चुलीवर चढवू नये. बोरूचा पाला भाजीचा नाही.

दुसरी सावधगिरी बियांची. मुलुखियाच्या पानांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोसली, पण तिच्या बिया विषारी आहेत. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये त्यांत असतात आणि गुरांच्या पोटात त्या गेल्याने विषबाधा होते. म्हणून भाजी निवडताना शेंगा आणि फुले काढून टाकावीत. बियांसाठी राखलेला वाफा गुरे-कोंबड्यांपासून दूर ठेवावा.

खलिफाची बंदी

इजिप्तची माणसे या भाजीबद्दल एक गोष्ट मोठ्या हौसेने सांगतात. अरबीत मलिक म्हणजे राजा आणि मुलूक म्हणजे अनेक राजे; त्यावरून ही 'राजांची भाजी', म्हणून मुलुखिया. आपल्या मराठीतला मुलूख हा शब्दही अरबीतूनच आला आणि त्याच राजघराण्यातला आहे. व्युत्पत्ती खरी असो वा हौसेची, लोकांना ती आवडते.

राजाशी या भाजीचा खरा संबंध आला तो बंदीच्या रूपाने. कैरोमध्ये फातिमी घराण्याचा खलिफा अल-हाकिम याने ९९६ ते १०२१ या काळात राज्य केले. तो लहरी म्हणून प्रसिद्ध होता. त्याने अकराव्या शतकाच्या आरंभी मुलुखिया खाण्यावर बंदी घातली. पंधराव्या शतकातला कैरोचा इतिहासकार अल-मक्रिझी याने तिचे कारण नोंदवले आहे. फातिमींच्या दृष्टीने शत्रू असलेल्या उमय्या घराण्याचा संस्थापक मुआविया याला ही भाजी आवडत असे, हे ते कारण. मुआविया मरून तेव्हा तीनशेहून अधिक वर्षे झाली होती, तरी राग भाजीवर निघाला.

बंदी टिकली नाही. नदीकाठच्या गाळात दरवर्षी उगवणारी भाजी हुकमाने कोण थांबवणार? आजही द्रूझ पंथाचे अनेक लोक अल-हाकिमविषयीच्या आदरापोटी मुलुखिया खात नाहीत. बाकी साऱ्या इजिप्तने तिला घराघरांत बसवले.

घरची कोंबडी, बाईची पुंजी

इजिप्तमध्ये गावठी कोंबडीला बलदी म्हणतात. बलद म्हणजे गाव किंवा देश, तेव्हा शब्द अगदी आपल्या 'गावठी'च्या अर्थाचा. त्या देशाला कोंबडीचे वेड जुने आहे. मातीच्या विटांच्या भट्ट्या बांधून, त्यांना मंद आच देऊन एका वेळी हजारो अंडी उबवण्याची कला तिथे दोन हजारांहून अधिक वर्षांपासून चालत आली. वीज नव्हती, उष्णतामापक नव्हता. भट्टीवाला अंडे पापणीला लावून त्याची ऊब ठीक आहे की नाही ते ठरवी.

खेड्यात कोंबड्या, बदके, कबुतरे आणि ससे पाळणे हे बाईचे काम. घराच्या धाब्यावर किंवा मागच्या अंगणात त्यांची खुराडी असतात. शेताचे पैसे पुरुषाच्या हाती जातात, पण अंड्यांचे आणि पक्ष्यांचे पैसे बाईच्या पदराला असतात. मुलाची वही, औषध, माहेरची भेट हे खर्च त्यातून भागतात. आपल्याकडेही हे चित्र निराळे नाही.

ही पुंजी किती नाजूक आहे ते २००६ साली दिसले. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात बर्ड फ्लूचा घातक विषाणू इजिप्तच्या कोंबड्यांत सापडला. त्याच महिन्यात तो आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे सापडला. भारतातला तो पहिलाच प्रादुर्भाव होता. नवापूर परिसरात लाखो पक्षी मारून पुरावे लागले. गावोगावी चिकनचा खप बसला आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांचे कंबरडे मोडले.

भारतात त्या साथीत माणसाला लागण झाली नाही. इजिप्तचे दुर्दैव मोठे. तिथे रोग घरोघरच्या लहान खुराड्यांत शिरला आणि मुक्कामाला राहिला. पुढच्या दहा-बारा वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे तिथे साडेतीनशेहून अधिक माणसांना लागण झाली आणि १२० माणसे दगावली. रोग्यांत बायका आणि मुले यांचे प्रमाण मोठे होते, कारण पक्ष्यांना चारा घालणे, ते कापणे, पिसे काढणे आणि साफ करणे ही कामे त्यांच्याच हातची. शहरांत धाब्यावर कोंबड्या पाळण्यास सरकारने बंदी केली. तरीही अनेक बायकांनी त्या लपवून ठेवल्या. त्यांना धोका कळत नव्हता असे नाही. पक्षी गेले की हातातला पैसाही गेला, हेही त्यांना कळत होते.

नीट शिजलेल्या कोंबडीपासून हा रोग होत नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापले की विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळण्यात आणि कच्च्या मांसाचे पाणी, रक्त इतर अन्नाला लागण्यात. मरतुकडी किंवा आपोआप मेलेली कोंबडी कितीही वाया जात असली तरी कापू नये. एकाएकी बरेच पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मुलुखिया करताना तर हा विचार अधिकच हवा, कारण या पदार्थात कोंबडी पुष्कळ वेळ शिजते, पण पाला जवळजवळ शिजतच नाही. कोंबडी कापलेल्या पाटावर पाला चिरला तर त्याला लागलेली घाण मारायला पुढे पुरेशी आच मिळत नाही. म्हणून आधी पाला चिरून झाकून ठेवावा आणि मगच कोंबडीला हात लावावा.

दहा माणसांसाठी मुलुखिया

साहित्य : सव्वा ते दीड किलोची एक कोंबडी (गावठी असल्यास उत्तम), पाटाची निवडलेली कोवळी पाने सुमारे ६०० ग्रॅम, २ मोठे कांदे, ५-६ वेलदोडे, २ तमालपत्रे, १०-१२ मिरी, असल्यास रुमी मस्तकीचा मुगाएवढा खडा, लसणाच्या १५ मोठ्या पाकळ्या, धण्याची ताजी पूड २ मोठे चमचे, साजूक तूप ५ मोठे चमचे, मीठ आणि लिंबे.

पाला : पाने देठापासून खुडून घ्यावीत. भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावीत आणि कोरड्या फडक्यावर पसरून पूर्ण निथळू द्यावीत. ओली पाने चिरली तर पाटालाच चिकटून बसतात. इजिप्तच्या स्वयंपाकघरात यासाठी दोन मुठींची, चंद्रकोरीसारखी सुरी असते. तिला मखरता म्हणतात. दोन्ही हातांनी मुठी धरून ती पाळण्यासारखी मागेपुढे झुलवायची, म्हणजे पाला मेंदीसारखा बारीक होतो. आपल्या विळीवर आधी चिरून मग सुरीने पाटावर पुन्हा बारीक केला तरी चालते. पाट्यावर वाटू नये. मिक्सरमध्येही फिरवू नये. त्याने पाल्याचा लगदा होतो आणि बुळबुळीतपणा प्रमाणाबाहेर वाढतो.

कोंबडी आणि अळणी : कोंबडीचे दहा-बारा तुकडे करावेत. पाट, सुरी आणि हात साबणाने धुवावेत. मोठ्या पातेल्यात दोन ते अडीच लिटर पाणी उकळत ठेवून त्यात तुकडे, कांद्याच्या मोठ्या फोडी, वेलदोडे, तमालपत्र, मिरी आणि मस्तकी घालावी. वर येणारा फेस पळीने काढून टाकावा. मग मीठ घालून मंद आचेवर शिजवावे. गावठी कोंबडीला दीड तास सहज लागतो, पांढऱ्या कोंबडीला पाऊण तास पुरतो. हाडाजवळचे मांस तांबूस राहता कामा नये. तुकडे बाहेर काढून दोन चमचे तुपावर तव्यात खरपूस परतावेत. पातेल्यातले अळणी पाणी गाळून घ्यावे. ते दीड-पावणेदोन लिटर भरावे.

मेळ : गाळलेले अळणी पुन्हा उकळावे. उकळी आली की आच अगदी मंद करून चिरलेला पाला थोडा थोडा घालावा आणि पळीने हलवत राहावे, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. पातेल्यावर झाकण ठेवू नये आणि खळखळा उकळू देऊ नये. कडेला बारीक बुडबुडे येऊ लागले की तीन-चार मिनिटांत उतरवावे. जास्त शिजली तर पाला तळाशी बसतो आणि वर हिरवे पाणी राहते. असे झाले की 'मुलुखिया पडली' असे तिथल्या बायका म्हणतात आणि करणारीला सासरी दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

फोडणी : उरलेले तीन चमचे तूप लहान कढईत तापवून ठेचलेला लसूण घालावा. तो बदामी होऊ लागला की धण्याची पूड घालून चमचाभर परतावी आणि लगेच ही फोडणी पातेल्यात ओतावी. हिला तकलिया म्हणतात. फोडणी चर्र करीत पडते त्या क्षणी करणाऱ्या बाईने 'हाः!' करून जोरात श्वास आत ओढायचा असतो. त्याला शहका म्हणतात. शहका दिला नाही तर मुलुखियाला चव येत नाही, अशी तिथे जुनी समजूत आहे आणि आजच्या शिकलेल्या मुलीही हसत हसत ती पाळतात.

वाढताना एका बाजूस मोकळा भात, वर मुलुखिया, शेजारी कोंबडीचा तुकडा आणि लिंबाची फोड. भाताऐवजी गव्हाची जाड गोल भाकरीही चालते. भाकरीचा तुकडा खोलगट दुमडून त्यात भाजी भरून घेतात. त्या आकाराला 'मांजरीचा कान' म्हणतात. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबरही ती छान लागते. तिखट घालण्याचा मोह मात्र पहिल्या खेपेस आवरावा. मिरची हवी असेल तर तोंडी लावायला घ्यावी, कारण तिखटाने लसूण आणि धण्यांचा वास मारला जातो.

माळकरी घरांनीही हिरमुसायचे कारण नाही. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून अधिक दिवस मांस, दूध आणि तूप वर्ज्य करतात. त्या दिवसांत ते कांदा-टोमॅटोच्या पाण्यात मुलुखिया करतात आणि तेलाची फोडणी देतात.

या जोडीत काय साधते

पाटाची १०० ग्रॅम कच्ची पाने घेतली तर त्यांत सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने, २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. अ आणि क जीवनसत्त्वेही भरपूर मिळतात. पालेभाजीतल्या लोहाची अडचण ही, की त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. त्याच घासाबरोबर थोडे मांस किंवा लिंबासारखे आंबट असले, तर तो अधिक प्रमाणात शोषला जातो. पानांतला जो पिवळा घटक शरीरात जाऊन अ जीवनसत्त्व बनतो, त्याला अंगी लागण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो. ते काम तुपाची फोडणी करते. कोंबडीचा तुकडा, लिंबू आणि तकलिया ही तिन्ही चवीसाठी आली असतील, पण ती पाल्याचे सत्त्व अंगी लावून देतात.

आपल्या बायकांना याची गरज किती आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाळंतपणे, पाळीतला रक्तस्राव, अंगमेहनत आणि सर्वांच्या मागून जेवण्याची रीत या सगळ्यांचा तो हिशेब आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. अळणी पाण्याने भाजीला चव येते आणि ती शेवटच्या पानापर्यंत पुरते. पण मांसाच्या तुकड्याचे काम रस्सा करीत नाही. दीड किलोच्या कोंबडीचे दहा-बारा तुकडे होतात, तेव्हा दहा पानांत प्रत्येकाला एक येतोच. करणारीने आपला तुकडा पहिल्या पंगतीच्या आधीच वेगळा झाकून ठेवावा. सासूबाईंनी सुनेसाठी तो ठेवला तर अधिकच शोभेल.

एक पाला, अनेक चुली

हाच पाला इजिप्तच्या बाहेर साऱ्या आफ्रिकेत शिजतो. सुदानात तो आहेच. ट्युनिशियात पाने वाळवून त्यांची पीठासारखी पूड करतात आणि ती तेलात कालवून मांसाबरोबर कितीतरी तास मंद आचेवर शिजवतात. इजिप्तची भाजी चार मिनिटांची, तर ट्युनिशियाची जवळजवळ दिवसभराची, आणि रंगाने काळपट.

नायजेरियातले योरुबा लोक याच भाजीला एवेडू म्हणतात. ते पाला शिजवून आखूड केरसुणीसारख्या खास झाडणीने घोटतात. एका बाजूला एवेडू, दुसऱ्या बाजूला चवळीच्या डाळीचे पिवळे वरण आणि वर कोंबडीचे किंवा मटणाचे लाल तिखट कालवण, असे त्यांचे ताट असते. त्याबरोबर सुरणासारख्या याम नावाच्या कंदाच्या पिठाचा तपकिरी उंडा घेतात. उत्तर घानामध्ये तिचे नाव अयोयो. पश्चिम केनियातले लुह्या लोक तिला म्रेंदा म्हणतात. ते चवळीचा पाला तिच्यात मिसळतात आणि पाला मऊ व्हावा म्हणून राखेतून गाळलेले खारे पाणी घालतात. कोंबडी हा त्यांच्याकडे पाहुण्याच्या मानाचा पदार्थ आणि मक्याच्या घट्ट उकडीबरोबर दोन्ही वाढतात. झिंबाब्वेत देरेरे, दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस वेंडा लोकांत देलेले, ही याच बुळबुळीत भाजीची नावे.

यातल्या बऱ्याच ठिकाणी मध्यंतरी ही भाजी मागासलेपणाची खूण ठरली होती. शहरात गेलेला माणूस कोबी खाऊ लागला आणि गावाकडच्या पाल्याला तण म्हणू लागला. केनियात १९९० नंतर संशोधकांनी या देशी भाज्यांची पौष्टिकता मोजून दाखवली, बियाणे सुधारले आणि शेतकरणींना ते दिले. त्यांत उद्यानविद्येच्या प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. एकेकाळी बांधावर उपटून टाकला जाणारा पाला आज नैरोबीच्या मोठ्या दुकानांत जुड्या बांधून विकला जातो. आपल्याकडे गावोगावी रानभाज्यांचे महोत्सव भरू लागले आहेत, त्यांनाही हा अनुभव उपयोगी पडावा.

परसात लावायची असेल तर

पाटाला ऊब आणि ओल दोन्ही लागतात, थंडी मानवत नाही. उन्हाळी पाण्याची सोय असलेल्या परसात किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी निचऱ्याच्या वाफ्यात ती येते. बियाण्याचे कवच टणक असल्याने ते उगवायला आळस करते. आफ्रिकेतले शेतकरी बी फडक्यात बांधून पाच ते दहा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवतात, लगेच गार करतात आणि मग पेरतात. धाग्याच्या पिकाला चार महिने लागतात आणि झाड दोन-तीन पुरुष वाढते. भाजीसाठी दाट पेरावे आणि पाच-सहा आठवड्यांत, वीतभरापेक्षा थोडे वाढले की जमिनीपासून चार-पाच बोटे खुंट ठेवून कापावे. खुंटाला नवे फुटवे येतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नवी कापणी मिळते. बी मात्र भाजीचे किंवा धाग्याचे म्हणून खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे, आणि औषध चोळलेले बी असेल तर ते हाताळताना काळजी घ्यावी.

मुबलक पाला आला तर तो सावलीत वाळवून, हातानेच चुरून कोरड्या डब्यात भरून ठेवता येतो. इजिप्तच्या दक्षिण भागातल्या कष्टकरी घरांत या पुडीचा एक चूल न पेटवता होणारा प्रकार आहे. वाळलेला पाला गार पाण्यात कालवायचा, त्यात ठेचलेला लसूण, मिरची, मीठ आणि भरपूर लिंबू घालायचे आणि भाकरी बुडवून खायची. तिला शलौलौ म्हणतात. कापणीच्या दिवसांत, भर उन्हात शेतावरून आलेल्या बाईला चुलीपुढे बसायचे नसते. खुराड्यातल्या कोंबडीला त्या दिवशी अभय मिळते आणि पाला एकटाच घरच्यांची भूक भागवतो.